हललेला फोटो

प्रिय अहो,

हसू नका. मायना काय लिहायचा यातच माझी दुपार निघाली. तुमचं नाव मी जन्मात एकदाच घेतलं, लग्नात, तेही बायकांनी दार अडवून धरलं म्हणून. 'तीर्थस्वरूप' लिहावं तर तुम्ही काही माझे वडील नव्हेत. शाळेत चौथीपर्यंत पत्रलेखन शिकवलं, पण गेलेल्या नवऱ्याला कसं लिहायचं ते काही मास्तरांनी सांगितलं नाही. तेव्हा आयुष्यभर जशी हाक मारली तशीच मारते. अहो, ऐकता का?

हे माझं तुम्हाला पहिलंच पत्र. लिहायची वेळ आली कधी? माझं माहेर पंचवटीत, पूल ओलांडला की आलं. मी सकाळी गेले तर संध्याकाळी तुम्ही 'भागू, चहा कुठं ठेवलाय' म्हणून बोलवायला हजर. एवढा लांब तुम्ही एकदाच गेलात, आणि तिथं टपाल जात नाही.

तरी लिहिते आहे, कारण आज सकाळी मी गच्चीवर उन्हात एक फोटो छापला. मी! चैत्रानंतर पहिल्यांदा. तो फोटो माझ्यापुढं या क्षणी आहे, आणि अख्ख्या आळीत एकालाही त्याच्यातली गंमत पुरती कळणार नाही. ती कळणारा माणूस एकच होता. कसा आला फोटो, ते मात्र शेवटी सांगेन. तुम्हाला नेहमी काचेची प्लेट धुऊन व्हायच्या आधीच 'कशी आली, कशी आली' करायची सवय. आज जरा दम धरा.

तुमच्या त्या कॅमेऱ्यापासूनच सुरुवात करते. सागवानी अंग, पितळेचं भिंग, खाली तिपाई. माणसाच्या उंचीचं ते धूड तुम्ही एकट्यानं डाव्या खांद्यावर घेऊन लग्नघरं फिरायचात. त्या ओझ्यानं तो खांदा कायमचा खाली उतरला. शिंपी दर वेळी कुरकुरायचा की ह्यांचा सदरा एका अंगाला लोंबतो. तुम्ही म्हणायचात, कॅमेऱ्यानं दिलेली खूण आहे, असू दे.

तांबट आळीत जन्मलेला माणूस हातोडी टाकून फोटो काढायला लागला म्हणून मामंजी तुमच्याशी बोलायचे थांबले होते. तरी वरच्या माडीला काचेचं छप्पर घालायची परवानगी त्यांनीच दिली. का दिली, ते तुम्हाला कधी कळलं नाही. मला सासूबाईंनी सांगितलं होतं: त्यांना एकदा स्वतःचा फोटो काढून घ्यायचा होता, आणि मुलाला तसं म्हणायची लाज वाटत होती.

आणि ते ठोके! बाहेरगावच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. खाली अंगणात तुमचे धाकटे भाऊ, रघुनाथभावजी, हातोडीनं ठोकून हंडे मठारत बसायचे. त्यांचा हात इतका एकसारखा पडायचा की घड्याळानं शिकावं. तुम्ही भिंगाचं झाकण काढायचात, ओठातल्या ओठात भावजींचे ठोके मोजायचात आणि झाकण लावायचात. ऊन असलं की थोडे ठोके, मळभ असलं की जास्त. भावजी पाणी प्यायला उठले की वर सगळं कुटुंब ताठ बसून वाट पाहायचं. भावजींना बिचाऱ्यांना हे ठाऊकच नव्हतं. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी ते इतके लाजले की त्यांचा ठोका चुकायला लागला, आणि तुमच्या प्लेटा वाया गेल्या.

"हलू नका." लग्नानंतर तुमच्या तोंडून मी सगळ्यात जास्त ऐकलेले शब्द हेच. मानेमागं तो लोखंडी चिमटा, पाठीमागं पडद्यावर रंगवलेला महाल, आणि तुमचं हलू नका. सावकार असो की शेंगदाणेवाला, तुमच्या फोटोत सगळ्यांचे चेहरे सारखे: कोर्टात उभं केल्यासारखे. मी एकदा बोलले तर तुम्ही रागावलात. म्हणालात, हललेला फोटो म्हणजे फुटलेलं भांडं. विस्तवात टाकायच्या लायकीचा.

मला कॅमेरा शिकवलात तो मात्र गरजेपोटी. चौक मंडईकडच्या मुसलमान घरांतल्या बायका पुरुषापुढं बसायच्या नाहीत, आणि आपल्यातल्या तरी कुठं बसायच्या मोकळेपणानं? मग मी कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यात, आणि तुम्ही दाराबाहेर जिन्यावर पाठ करून उभे. "झाकण काढलंस का? ठोके मोजतेस ना?" असं तुम्ही ओरडायचात आणि आतली बाई तुमच्या आवाजानंच दचकायची.

खैरूनबी आठवते ना? आपली मणेरीण. मी लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या हातात बांगड्या तिनंच भरल्या. तिला तुम्ही फार आग्रह करून वर नेलंत. मी चिमटा मानेला टेकवला मात्र, ती "तौबा तौबा" करत जी जिना उतरली ती अंगणातल्या पायरीवर येऊनच थांबली. तुम्ही हसत हसत तिला शब्द दिलात, "एक दिवस भागू काढेल तुमचा फोटो." माझ्या नावानं शब्द देऊन तुम्ही मोकळे. हे असं तुमचं नेहमीचं.

फाल्गुनात तुम्हाला ताप भरला आणि पाडव्याला आपल्या दारात गुढी उभी राहिली नाही. त्याबद्दल मी लिहिणार नाही. तुम्ही होतात तिथं, तुम्हाला माहीत आहे.

पुढचं माहीत नाही ते सांगते. तेरा दिवस भावजींनी हातोडी धरली नाही. चौदाव्या दिवशी खाली पहिला ठोका पडला आणि मी वर काचेच्या खोलीत जाऊन बसले. मला वाटलं होतं, मी चालवीन. येतं की मला सगळं! फडकं येतं, प्लेट येते, औषधं येतात. वैशाखात एक कुटुंब आलंही. मी झाकण काढलं आणि ठोके मोजायला लागले, तर माझ्या आवाजाखाली मला तुमचा आवाज ऐकू यायला लागला, मोजत असलेला. मी मोजायचं सोडून तो ऐकत राहिले. किती ठोके गेले कोणास ठाऊक. ती माणसं बिचारी श्वास धरून बसलेली! प्लेट धुतली तर काळीठिक्कर, उजेड खाऊन खाऊन गच्च झालेली.

असं पुन्हा झालं. आणि पुन्हा.

मग आषाढात एका मुलीला घेऊन तिची आत्या आली. स्थळाकडं पाठवायला फोटो हवा होता. आत्यानं माझ्या मोकळ्या कपाळाकडं पाहिलं, "पुन्हा येतो" म्हणाली आणि मुलीला जिन्यावरून खाली उतरवलं. मुलगी वळून वळून तुमच्या रंगवलेल्या महालाकडं पाहत होती. शुभकार्याच्या फोटोला विधवेचा हात नको, इतकंच. मला राग आला. आत्याचा नव्हे, तुमचा. दोघांनी मिळून मांडलेलं दुकान, आणि तुमच्या जाण्यानं माझ्याच हाताला विटाळ झाला, हा कुठला न्याय?

त्यानंतर मी वर जायचं सोडलं. इच्छा मेली म्हणतात ना, तसं झालं. आधी वाटायचं, उद्या जाईन. मग तेही वाटेना. औषधांच्या बाटल्यांच्या तळाशी खडे धरले, काचेच्या छपरावर चिंचेचा पाला साचला. कोणी विचारलं तर सांगायची, कॅमेरा जड आहे. खोटं नव्हतं ते. पण मला जड झालं होतं ते सागवान नव्हतं.

तुमचा फोटो खाली ओटीवर लावलाय. एकच तर आहे. तुम्हीच मला उभं करून काढायला लावलेला, घड्याळाची साखळी घालून, त्या खोट्या खांबाला टेकून. खांदे तुम्ही मुद्दाम एका रेषेत धरलेत. मी रोज हार घालते, पण खरं सांगू? त्या फोटोतल्या माणसाला मी ओळखत नाही. कोणी मामलेदार वाटतो. तुमची आठवण यायला मला तुमचा लोंबता सदरा पुरतो.

दिवाळी झाल्यावर भावजी ओटीवर येऊन बसले. बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होते. मग म्हणाले की घरात भांडी ठेवायला जागा उरली नाही, मुंबईच्या व्यापाऱ्याचं काम मोठं आहे, वरची खोली मिळाली तर बरं होईल, पण वहिनी, तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा विषय काढायचा नाही. माणूस किती चांगला आहे तुमचा भाऊ! त्याच्या चांगुलपणाचीच मला भीती वाटली. मी चटकन हो म्हटलं. संक्रांतीनंतर घ्या म्हटलं. आत जाऊन भाकरी थापायला बसले आणि मग कळलं की आपण नक्की काय देऊन आलो. फोटो काढणारी भागू त्या खोलीत होती. खोली गेली की तीही गेली.

आवरायला मात्र परवापर्यंत हात धजला नाही. परवा सकाळी गेले. कॅमेरा जुन्या धोतरात गुंडाळला, भिंग वेगळं करून कापसात ठेवलं. आणि वरच्या फळीवर, प्लेटांच्या रिकाम्या खोक्यांमागं, तो सापडला. तुमचा डबा!

विसरलात? मागच्या मार्गशीर्षात मुंबईहून आणलात तो. काळा, चौकोनी, पुढं एवढंसं भोक, मागं तांबडी काच. दुकानदारानं गळ्यात मारला म्हणालात. मी हातात घेऊन पाहायला लागले तर म्हणालात, "ठेव ते खेळणं. डब्यात पोहे राहतात, फोटो नाही." भिंग पुढंमागं करता येत नाही, उजेड कमीजास्त करता येत नाही, झाकण नाही, काळं फडकं नाही. एक खटका, तो दाबायचा. तुम्ही एवढी नावं ठेवलीत की मी पुन्हा कधी त्याच्याकडं पाहिलं नाही.

परवा पाहिलं. मागच्या तांबड्या काचेतून चारचा आकडा दिसत होता. म्हणजे आत फिल्म होती. मला नवल वाटलं. वाटलं, दुकानदारानंच घालून दिली असेल, तुम्ही कशाला हात लावाल त्याला! सोबत इंग्रजी कागद होता. इंग्रजी मला येत नाही, पण चित्रं कळली: सूर्य पाठीशी, डबा पोटाशी.

तो हातात घेऊनच मी खाली आले, तर अंगणात खैरूनबी. संक्रांत आली म्हणून भावजींच्या लेकीला, मथीला, बांगड्या भरायला आली होती. त्याच पायरीवर बसली होती जिथं ती नेहमी बसते, टोपली पुढ्यात. तुम्ही गेल्यावर माझ्याशी तिचा बांगड्यांचा संबंध संपला, तरी ती महिन्याकाठी यायची, नुसती बसायची, पाणी पिऊन जायची. परवा मात्र तिचं काम होतं. तिचा यूसुफ मनमाडला रेल्वेत आहे ना, त्याची कराचीकडं बदली झाली. आठवड्यात निघणार. जाताना आईचा फोटो पाहिजे म्हणून हटून बसलाय.

"तेरे मर्द ने जबान दी थी, भागूबाई," ती म्हणाली. "मेरा फोटू तू निकालेगी बोला था."

मी सांगितलं की खोली भावजींना दिली, कॅमेरा बांधून ठेवला, आता ते सगळं संपलं. तिनं हनुवटीनंच माझ्या हाताकडं दाखवलं.

"फिर हाथ में क्या है?"

"हा डबा आहे, खैरूनबी."

"तो डब्बे से निकाल. मेरेकू कौनसा कलेक्टर के बंगले में टांगना है."

असं म्हणून ती पुन्हा मथीचा हात दाबून दाबून मऊ करायला लागली. मथी "दुखतं, दुखतं" करून ओरडत होती, खैरूनबी तिला सासरची भीती घालत होती. माझ्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं. मी जिन्याशी उभी राहिले, सूर्य पाठीशी घेतला, डबा पोटाशी धरला आणि मान खाली घालून त्या टिचभर काचेत पाहिलं. अंगण होतं त्यात. पायरी, टोपली, दोघीजणी, सगळं उजव्याचं डावीकडं झालेलं. खैरूनबीनं मथीला काहीतरी चावट सांगितलं आणि दोघी हसल्या. मी खटका दाबला.

टिक. बस, एवढंच! तुमचा फोटो निघायचा तेव्हा सगळं घर दम धरायचं. इथं खाली भावजी ठोके घालतच होते आणि मी एकही मोजला नव्हता. फोटो निघाला यावर माझाच विश्वास बसेना, म्हणून मागची चावी फिरवून पाचचा आकडा आणला आणि खैरूनबीचा आणखी एक काढला. या खेपेला तिनं वर पाहिलं. पण घाबरली नाही. घाबरायला समोर होतं काय? एक डबा, आणि त्याच्यावर वाकलेली तिची ओळखीची बाई.

मग मला घरात बसवेना. डबा पदराखाली घेतला आणि नदीवर गेले. घाटावर धुणं चाललं होतं, एक उपाध्ये छत्रीनं यात्रेकरूंना इकडून तिकडं हाकत होते, एक म्हातारी दुरडीतल्या झेंडूवर पाणी मारत होती. मी उभी राहायची, खाली पाहायची, टिक करायची. एकाही माणसाचा चेहरा कोर्टात उभा राहिला नाही. धुणारीनं विचारलं, "काय गं बाय, डब्यात काय हाय?" फोटो आहे म्हटलं तर म्हणाली, "दाव की मग." मी तिला वरच्या काचेतून नदी दाखवली. ती ओल्या हातानं तोंड झाकून किती तरी वेळ हसत होती, आणि तिचं पाहून मीही.

अहो, काळ्या फडक्याखाली शिरलं की आपण समोरच्या माणसापासून लपतो. हा डबा हाती असला की त्याच्यापुढं मान लववावी लागते. आणि विधवेनं मान खाली घालून चालावं असं म्हणतात ना सगळे? घातली की मी. मान खाली घालूनच परवा सगळा घाट पाहिला.

काल दुपारी जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत तांबडा कंदील लावला, नवं औषध कालवलं. फिल्मची दोन टोकं धरून थाळीतून वर-खाली, वर-खाली करत होते. एकेक चौकट उमटायला लागली. पहिल्या तीन मी काढल्याच नव्हत्या.

चोर कुठले!

पहिल्यात रघुनाथभावजी हंडा मठारताहेत, पण त्यांना डोकं नाही. दुसऱ्यात तुमचा लाडका मोठा कॅमेरा, इतका तिरपा की आत्ता पडेल. तिसऱ्यात बहुधा कबुतर, आणि तुमचं बोट. अहो, इतके वाईट फोटो! अख्ख्या जिल्ह्याला हलू नका म्हणणाऱ्या माणसाचे! मी अंधारात एकटी इतकी हसले की जाऊबाई दार ठोठावून विचारायला लागल्या, वहिनी, बऱ्या आहात ना? दार उघडता येत नव्हतं, फिल्म फुकट गेली असती. मी आतूनच सांगितलं, बरी आहे. आणि ते सांगताना कळलं की खरंच बरी आहे.

मग चौथी चौकट. तिच्यात नुसती गर्दी दिसली. मला वाटलं बिघडली. पण टाकवेना. आज सकाळी फिल्म सुकल्यावर ती कागदावर ठेवून गच्चीवर उन्हात छापली. छापायला ऊन बरंच लागलं. आणि तेव्हा उलगडलं.

तुमची सगळी हयात प्लेटांत गेली. एक प्लेट, एक फोटो, काढला की झाला. डब्यात फोटो काढल्यावर चावी फिरवून फिल्म पुढं सरकवावी लागते, ते तुम्ही चौथ्या खेपेला विसरलात. चारवर फोटो काढून तसाच डबा फळीवर ठेवून दिलात. आणि परवा मी त्याच चारवर माझा काढला. एकाच चौकटीत दोन.

पायरी तीच, म्हणून ती एकच दिसते. तिच्यावर खैरूनबी दोन आहेत. एक मथीचा हात धरून बसलेली. दुसरी माझा. हो, मी आहे तिथं. मागच्या संक्रांतीच्या बांगड्या भरतेय. डोकं मागं टाकून हसतेय, दात दिसताहेत, आणि हात इतका हललाय की बांगड्यांचा नुसता धूर झालाय. माझ्यातून मथी दिसते आणि मथीतून मी. मी अशी हसते? मला कोणी सांगितलंच नव्हतं.

खैरूनबीला मघाशी दाखवला. आधी ती दोन-दोन खैरूनबी पाहून घाबरली, मग तिला आठवलं. मागच्या साली ती मला बांगड्या भरत असताना तुम्ही जिन्याशी काहीतरी हातात घेऊन उभे होतात. "मैं समझी खाने का डब्बा लेके खड़ा है," ती म्हणाली. "मैं बोली, भूक लगी होगी बिचारे को." तिचा स्वच्छ आलेला दुसरा फोटो मी यूसुफसाठी छापून दिला. तो तिनं ओढणीत बांधला, पण डोळे या पहिल्यावरच.

का काढलात? मला का नाही सांगितलंत? मोठा कॅमेरा मला उचलायचा नाही हे तुमच्या मनात आलं होतं का? की नुसता उन्हाचा मोह? फाल्गुनात ताप आला नसता तर धुऊन दाखवली असतीत, की वाईट आले म्हणून विस्तवात टाकली असतीत? मी कितीही विचारलं तरी आता उत्तर यायचं नाही. पण इतकं कळलं की तुम्ही मला हलू नका म्हणाला नाहीत.

आणखी एक आहे त्या फोटोत. ते सांगायलाच खरं तर बसले.

सूर्य पाठीशी घ्या म्हणतात, पण सकाळी सूर्य पाठीशी घेतला की फोटो काढणाऱ्याची सावली पुढं पडते. कागदावरच्या चित्रात ते दाखवलं नव्हतं. ती चूक तुम्ही केलीत, आणि वर्षानं त्याच महिन्यात, त्याच जिन्याशी उभं राहून मीही केली. खैरूनबीच्या पायरीपर्यंत अंगणात दोन सावल्या आहेत. दोघांच्या माना खाली, दोघांचे कोपर बाहेर. एक पदरवाली. दुसरीचा डावा खांदा उतरलेला.

ओटीवरच्या मामलेदाराला मी रोज हार घालत होते आणि तुम्ही इथं होतात.

दोन्ही सावल्या फिक्या आल्यात, कारण तुमच्या सावलीवर माझं ऊन पडलं आणि माझ्या सावलीवर तुमचं. जिथं त्या एकमेकींवर आल्या आहेत तेवढीच जागा गडद आहे.

मघाशी भावजींना बोलावून खोलीची किल्ली दिली. ते चाचरले. त्यांनी खैरूनबीकडून ऐकलं होतं. "वहिनी, पुन्हा काढायला लागलात ना? मग खोली राहू द्या. फोटो कुठं काढणार?"

"बाहेर," मी म्हटलं.

त्यांना वाटलं मी रुसून देतेय. मग त्यांना त्यांचाच डोकं नसलेला फोटो दाखवला. ते बघत राहिले आणि म्हणाले, हात दादानं बरोबर काढलाय. खोली त्यांना खरंच हवी आहे आणि मला खरंच नको. जिन्याखालची अंधारी खोली मला पुरे. मोठा कॅमेरा विकणार नाही, पण वाहणारही नाही. तुमचा तो महाल मथीनं भातुकलीसाठी मागितलाय, देऊन टाकते.

आता मी शब्द देते, आणि तोही माझ्याच नावानं. घाटावरच्या धुणारीला फोटो नेऊन देईन, तिनं दोनदा विचारलंय. चौक मंडईतल्या बायकांना जिना चढायला लावणार नाही, मीच त्यांच्या अंगणात जाईन. त्या आत्याची मुलगी भेटलीच, तर तिचाही काढीन, महालाशिवाय. कोणालाही हलू नका म्हणणार नाही. आणि दर फोटोनंतर आठवणीनं चावी फिरवीन.

फक्त दर संक्रांतीला, सकाळच्या उन्हात, त्या जिन्याशी उभी राहून आपल्या अंगणाचा एक फोटो काढीन. सावली पडेल तेव्हा तिला डाव्या बाजूला थोडी जागा सोडीन. खांदा मावेल इतकी.

तुमची,
भागू